रजिस्टरात भांग

खदीजा धनसेनं ती मेल तीनदा वाचली. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली, पण मजकूर काही बदलला नाही. ज्या परदेशी नियतकालिकात दोन वर्षांपूर्वी तिचा शोधनिबंध छापून आला होता, त्याचे संपादक अत्यंत सभ्य भाषेत लिहीत होते की डॉ. अभिराम यांनी तुमचा प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला आणि तुम्ही म्हणता तसं त्यांच्याकडे काहीच घडलं नाही. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर द्यावं, अन्यथा निबंध मागे घेण्यात येईल.

निबंध मागे घेतला जाणं म्हणजे काय, हे या धंद्याबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. चोरी करताना सापडल्यावर चौकात फोटो लागावा, तसलाच तो प्रकार. इंटरनेटवर तुमच्या नावाखाली तो शिक्का कायमचा बसतो. त्यात खदीजाची प्रोफेसरपदाची मुलाखत उन्हाळ्यात व्हायची होती आणि तिच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या रुतिकाचा अख्खा प्रबंध त्याच निबंधावर उभा होता. निबंध गेला की दोघींची वर्षं पाण्यात जाणार होती, आणि पाण्यातच तर त्या काम करत होत्या.

आता हे काम काय, ते एकदा सांगून टाकू. बेलापूरच्या खाडीकाठी असलेल्या खदीजाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत जाणारा एक पारदर्शक पाइप उभा होता. मनगटाहून थोडा जाड. त्यातून पाणी वर चढायचं आणि खालून एका नोझलमधून हवा सोडायची. हवा कमी असली की बारीक बुडबुडे गुण्यागोविंदानं वर जातात. हवा वाढवत नेली की ते एकमेकांत मिसळतात, आणि एका क्षणी पाइपभर जाडीचा एकच फुगा तयार होऊन दणका देत वर धावतो. कारखान्यांत हे असले फुगे पाइपांचे सांधे खिळखिळे करतात. तळोज्याच्या रसायनवाल्यांना विचारा, ते कपाळाला हात लावून सांगतील. पुस्तकं म्हणत होती की एवढ्या पाइपात मिनिटाला बारा लिटर हवा गेली की फुगा होणार. खदीजाच्या पाइपात तो चोवीसपर्यंत होत नव्हता. तिनं निबंधात लिहिलं होतं की ही तिनं स्वतः घडवलेल्या नोझलची करामत आहे.

अभिराम हा तिचा पीएचडीच्या दिवसांतला सहाध्यायी. हल्ली तो दक्षिणेतल्या एका बड्या संस्थेत होता. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. खदीजाच्या अब्बांचं, मुख्तार धनसेंचं, कळंबोलीच्या लोखंड बाजारात पाइपांचं दुकान होतं, हे कळल्यापासून तो तिच्या संशोधनाला प्लंबिंग म्हणायचा. ती त्याच्या संशोधनाला वॉलपेपर म्हणायची, कारण तो सगळं कॉम्प्युटरवर रंगवून दाखवायचा. पण माणूस लबाड नव्हता, आणि खदीजाला खरी धास्ती त्याचीच वाटत होती. अभिराम घडलं नाही म्हणतोय, म्हणजे त्याच्याकडे ते घडलंच नसणार.

"आपण परत करून दाखवू," तिनं रुतिकाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाइप सुरू केला.

फुगा सोळावर झाला. पुढच्या दिवशी चौदावर, मग तेरावर. चौथ्या दिवशी बरोब्बर बारावर पाइपभर फुगा उठला आणि छताखालच्या सांध्याला असा दणका बसला की रुतिका रडायलाच लागली. खदीजानं नोझल खोललं, घासलं, बदललं, हवेचं मीटर बदललं, पंपाच्या नावानं शिव्या घातल्या. तिचा राग नाकावर असतो हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या आठवड्यात कोणी लॅबकडे फिरकलं नाही. रात्री तिला झोप येईना. मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं ते खरं होतं, की मला पाहायचं होतं म्हणून मी पाहिलं, असं ती स्वतःला विचारत बसायची.

पाचव्या दिवशी ती परत नोझल खोलायला बसली, तेव्हा हिरामणमामा शेजारी येऊन उभे राहिले. हिरामणमामा लॅबचे अटेंडंट. दिवाळे गावचे कोळी, निवृत्तीला वर्षभर उरलेलं, सकाळी खाडीतलं जाळं काढून मग कामावर येणारा माणूस. बोलणं मोजकं. खदीजाशी तर गेली दोन वर्षं कामापुरतंच, आणि त्याला कारण होतं.

"मॅडम, उगाच त्याला खोलू नका," ते म्हणाले. "आज भांग हाय. आज नाय व्हायचा तुमचा."

खदीजाचा पाना हातातच राहिला. कारण हाच तो शब्द होता.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुख श्यामसुंदर सर लॅबची रजिस्टरं तपासत होते. सर मूळचे विदर्भातले, समुद्र त्यांनी नोकरी लागल्यावर पाहिलेला. त्यांना शेऱ्याच्या रकान्यात हिरामणमामांच्या अक्षरात महिन्यातून पाच-सहा वेळा एकच शब्द सापडला, भांग. कुठे अष्टमी, भांग. कुठे नवमी, भांग. सरांनी डोळे विस्फारले. हा गृहस्थ लॅबमध्ये भांग घेतो आणि वर तिथीवार नोंदही ठेवतो, एवढा निर्ढावलेपणा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी खदीजाला बोलावून झाडलं. खदीजा तेव्हा निबंधाच्या घाईत होती. तिनं मामांना सगळ्यांसमोर सुनावलं की हे रजिस्टर आहे, पंचांग नाही, यात आकड्यांशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. शब्दाचा अर्थ तिनं विचारला नाही. मामांनीही सांगितला नाही. चहासुद्धा न पिणाऱ्या माणसाला नशेबाज ठरवलं गेलं, ते त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टरात नुसते आकडे पडू लागले.

"मामा," खदीजा म्हणाली, आणि आवाज खाली आणायला तिला कष्ट पडले, "भांग म्हणजे काय?"

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला खरंच ठाऊक नाही यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग ते सांगायला लागले. अमावास्या-पुनवेला भरती मोठी येते, तिला उधाण म्हणतात, आणि तिचा खरा जोर असतो बीज-तीजेला. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरतीला दम नसतो, पाणी जेमतेम हलतं, त्याला कोळी भांग म्हणतात. भांगात जाळं टाकायला कोणी जात नाही. आता लॅबचं पाणी येतं ते इमारतीखालच्या टाकीतून. ती टाकी भरावाच्या जमिनीत आहे आणि तिच्या खाडीकडच्या भिंतीला तडा आहे. उधाणाला खाडीचं पाणी आत झिरपतं. भांगात झिरपत नाही, नुसतं नळाचं गोड पाणी राहतं.

"उधानाला पानी खारा, तर बुडबुडा बारीक ऱ्हातो," मामा म्हणाले. "भांगाला पानी गोडा, तर तो फुगतो. मी किती साल बघतोय."

खदीजानं हातातला पाना खाली ठेवला. मिठाच्या पाण्यात बुडबुडे सहजासहजी एकमेकांत मिसळत नाहीत. हे ती दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवत होती. समुद्राच्या लाटेला फेस येतो आणि बादलीतल्या पाण्याला येत नाही, हे उदाहरणसुद्धा तिचंच. अन् स्वतःच्या टाकीतलं पाणी तिनं आयुष्यात एकदाच तपासलं होतं, प्रयोग सुरू करताना, आणि तेव्हा ते गोड निघालं होतं. तिनं फोनवर ती तारीख शोधून मामांना सांगितली. मामांनी बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले की त्या दिवशी दशमी असणार. म्हणजे भांगच.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमीच म्हनलात, आकड्याबिगर काय लिवायचा नाय."

तिनं मामांची माफी मागितली, तिथंच, रुतिकासमोर. मामांनी असू द्या म्हटलं, पण ते लगेच विरघळले वगैरे नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या भिंतीवरची मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरं गुंडाळी करून आणली. त्यांच्यावर प्रत्येक चौकोनात जाळ्याचा हिशेब पेन्सिलीनं होता, आणि टाकीतलं पाणी कधी आपोआप वर चढलं तेही होतं. लॅबमध्ये लिहायला बंदी होती, घरी कोण अडवणार?

रुतिकानं दोन वर्षांचे चारशे बारा आकडे पुन्हा उघडले. आजवर ते तारखेनुसार मांडले होते, आणि ते पोह्यांसारखे कागदभर विखुरलेले दिसायचे. वाईट आकडे म्हणून तिनं त्यातले सव्वाशे बाजूला काढले होते, खदीजाच्याच सांगण्यावरून. आता तिनं सगळेच्या सगळे घेतले आणि आडव्या रेषेवर तारखांऐवजी तिथ्या टाकल्या. दुपारचे चार वाजले असतील. स्क्रीनवर ठिपके पडत गेले आणि दोघी बघतच राहिल्या. बीजेला चोवीसपाशी, मग उतरत उतरत अष्टमी-नवमीला बारापाशी, मग पुन्हा चढत अमावास्येकडे. चारशे बारा ठिपके भरती-ओहोटीसारखे ओळीनं उभे होते. एकही वाईट नव्हता. खदीजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. तिला वेड लागलेलं नव्हतं, तिनं खोटं पाहिलेलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नळाच्या गोड पाण्यात मीठ मोजून विरघळवायचं, फुगा कधी होतो ते पाहायचं, मीठ थोडं वाढवायचं, पुन्हा पाहायचं. वीस वेळा केलं, जुन्या नोझलनं आणि बाजारातल्या साध्या नोझलनं. आकडे तेच येत होते. याचा एक अर्थ असाही होता की तिच्या नोझलचा या करामतीशी काडीचा संबंध नव्हता. हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि ते तिनं तेवढ्यापुरतं मनाच्या कोपऱ्यात ढकलून दिलं.

श्यामसुंदर सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते आधी भांगाचा खरा अर्थ ऐकून ओशाळले. मग धोरणी झाले. टाकीच्या तड्याचा विषय काढूच नका म्हणाले. स्थानिक परिस्थितीतील फरक, असं मोघम लिहा आणि सुटा. खोटं कशाला बोला, खदीजा एक अख्खी दुपार त्या मोहात राहिली. संध्याकाळी तिनं अभिरामला मेल लिहिली की तू ये. दिवस तू निवड, मला आधी सांगूही नकोस. कुठल्या आकड्याला फुगा होईल, ते तू आल्यावर पाइप सुरू करण्याआधी सांगितलं जाईल.

अभिराम मंगळवारी सकाळी आला, हातात स्वतःचं हवेचं मीटर घेऊन. त्यानं पाइप पाहिला, नोझल पाहिलं, टाकीच्या नळाखाली बोट धरून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, सांग आकडा.

"मी नाही," खदीजा म्हणाली. "मामा सांगतील."

हिरामणमामांनी कॅलेंडर काढलं नाही की काही नाही. पेरांवर अंगठा फिरवला. "आज षष्ठी. उधान उतरतंय," ते म्हणाले. "सोळाच्या फुडं, अठराच्या आत."

अभिराम हसला, पण वाईट नाही हसला. त्यानं स्वतःचं मीटर जोडलं आणि स्वतःच्या हातानं हवा सोडायला लागला. दहा. बारा. पुस्तकाप्रमाणे इथं फुगा व्हायला हवा होता. बुडबुडे बारीकच राहिले. तेरा, चौदा. अभिराम वाकून पाइपाला नाक लावून उभा राहिला. पंधरा, सोळा. रुतिकानं खदीजाचा दंड घट्ट धरला होता. बुडबुडे आता गर्दी करत होते, पण मिसळत नव्हते. सतराला काटा गेला आणि खालून एक चकचकीत, पाइपभर जाडीचा फुगा उठला, सरळ वर धावला आणि छताखाली दणका बसला.

मग अभिरामनं पाणी बदलून घेतलं, गोड पाण्यात स्वतः मीठ टाकलं, पुन्हा केलं. मग साधं नोझल लावून केलं. संध्याकाळी पाच वाजता त्यानं मीटर गुंडाळलं आणि चहा मागितला. म्हणाला, मी सतरा वर्षं पाइपात बुडबुडे रंगवतोय आणि मला कोणी विचारलं असतं की आज तिथी कोणती, तर मी त्याला बाहेर काढलं असतं. खदीजा म्हणाली की ती तेच करून बसली होती.

"तुझे आकडे खरे आहेत," अभिराम म्हणाला. "मी आजच संपादकांना लिहितो, तक्रार मागे घेतली म्हणून. निबंध राहील. नोझलचं काय ते आता कोण उकरणार आहे?"

हे त्यानं चांगल्या मनानं म्हटलं होतं. ज्या भीतीनं इतके दिवस तिची झोप उडवली होती, ती एका वाक्यात संपत होती. नुसतं बरं म्हणायचं होतं. खदीजानं रुतिकाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मामा बादल्या उचलून ठेवत होते.

"निबंधाचं नाव वाच, अभिराम," ती म्हणाली. "त्यात पहिलाच शब्द नोझल आहे. आणि नोझलनं काहीही केलेलं नाही. तू तक्रार मागे घेऊ नकोस. निबंध मीच मागे घेते."

अभिरामचा कप तोंडाशी थांबला. शिक्का बसेल, तो म्हणाला. बसू दे, ती म्हणाली, पण तो मी बसवीन. हे बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती चक्क हसायला लागली.

तिनं तिसाव्या दिवसाची वाट पाहिली नाही. पंचविसाव्या दिवशी संपादकांना एकाच मेलमध्ये दोन गोष्टी गेल्या. पहिली, जुना निबंध मागे घेत असल्याचं पत्र, कारणासकट, टाकीच्या तड्यासकट. दुसरी, नवा निबंध. पाण्यातलं मीठ थोडं थोडं वाढत गेलं की फुगा होण्याचा आकडा कसा वर सरकत जातो, याचा सबंध नकाशा त्यात होता. वीस मोजलेल्या पाण्यांचा आणि चारशे बारा उधाण-भांगांचा. लेखक तीन, खदीजा धनसे, रुतिका आणि हिरामण कोळी. फॉर्मवर तिसऱ्या लेखकाची संस्था विचारली होती. मामा म्हणाले, आता आमची कसली संस्था. रुतिकानं दिवाळे कोळीवाडा असं टाइप केलं. संपादकांनी एकच शंका काढली की आडव्या रेषेवरचे हे शब्द कोणते, नुसते दिवसांचे आकडे दिले तर चालेल का. खदीजानं कळवलं, चालणार नाही. नवा निबंध तीन महिन्यांत छापून आला, आडव्या रेषेवर रोमन अक्षरांत द्वितीया, अष्टमी, पौर्णिमा घेऊन. खारं पाणी वापरणाऱ्या तळोज्याच्या एका कारखान्यानं तो वाचून आपल्या पाइपांचे दणके थांबवले आणि आभाराचं पत्र पाठवलं. श्यामसुंदर सरांनी ते पत्र फ्रेम करून स्वतःच्या खोलीत लावलं.

मे महिन्यात मुलाखत झाली. टेबलापलीकडे पाच जण. चौघांनी नव्या निबंधाची तोंड भरून तारीफ केली. पाचवे गृहस्थ मात्र कागद चाळत राहिले. खदीजाला ठाऊक होतं ते काय शोधतायत.

"मॅडम, तुमच्या नावावर एक मागे घेतलेला निबंध दिसतो," ते शेवटी म्हणाले.

"हो सर. मीच घेतला."

"चूक नेमकी काय झाली होती?"

मीठ, टाकी, तडा, एकदाच केलेली तपासणी, सगळी उत्तरं तिच्यापाशी तयार होती. घरून पाठ करून आणली होती. पण प्रश्न समोर आल्यावर तिला ती उत्तरं अर्धवट वाटली.

"माझा एक सहकारी मला वेळोवेळी खरं काय ते लिहून देत होता, सर," ती म्हणाली. "त्यातला एक शब्द मला कळला नाही. आणि मी विचारलं नाही. चूक तेवढीच. बाकीचं पाणी होतं."

त्या गृहस्थांनी कागद खाली ठेवला आणि पुढचा प्रश्न त्या शब्दाबद्दलच विचारला. मग पाचही जण पाऊण तास उधाण आणि भांगाबद्दलच विचारत राहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्या दारावरची पाटी बदलली. ती हिरामणमामांनी स्वतःच्या हातानं ठोकली, आणि थोडी तिरकी बसली म्हणून काढून पुन्हा ठोकली.